सिंथवरचे अटॅक-डिके-सस्टेन-रिलीज: संथ चालीत गोड, द्रुत लयीत गायब

काळी_चार

सिंथ कीबोर्डवर स्वतःचा एक स्ट्रिंग्जचा आवाज बनवायचा घाट घातलाय. दोन सॉटूथ ऑसिलेटर (करवतीच्या दात्यांसारखी लाट काढणारे), दुसरा किंचित डीट्यून केलेला (सुरापासून जरासा हललेला), त्यावर लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी गाळणारा), आणि व्हॉल्यूमच्या एन्व्हलपचा (सूर वेळेनुसार कसा चढतो-उतरतो त्या आराखड्याचा) अटॅक, म्हणजे चढायचा वेळ, साधारण ४०० मिलिसेकंद. संथ चालीत काय सुरेख लागतो म्हणून सांगू! पण लय जरा वाढवली की सूर गायब. बोटं पट्ट्यांवरून धावताहेत आणि स्पीकरमधून नुसती कुजबुज.

बरं, अटॅक शून्यावर आणावा तर प्रत्येक सुराच्या तोंडाशी 'टक्'. इकडे आड, तिकडे विहीर.

आणखी एक. सस्टेन पूर्ण ठेवला की डिकेचा नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला तरी ढिम्म काही होत नाही. नॉब खराब आहे का?

'प्रीसेट (सिंथमधले तयार आवाज) वापरा' हा सल्ला कृपया नको, तेवढं मला येतं.

उगाचच

रुमाल टाकून ठेवतो. विषयातलं ओ की ठो कळत नाही, पण अशा धाग्यांवर भांडणं चांगली रंगतात.

बटणबहाद्दर

प्रीसेट वापरा.

(हलकेच घ्या.)

सर्किटराव

नॉब ठणठणीत आहे. चारही नॉब एका रांगेत बसवलेले असतात म्हणून एकाच जातीचे वाटतात. तसं नाही. अटॅक, डिके आणि रिलीज या वेळा आहेत. सस्टेन ही पातळी आहे. पट्टी दाबली की आवाज अटॅकच्या वेळात शून्यापासून शिखरावर जातो, डिकेच्या वेळात तिथून सस्टेनच्या पातळीवर उतरतो, बोट खाली असेपर्यंत तिथेच राहतो, आणि बोट उचललं की रिलीजच्या वेळात शून्यावर येतो. तुम्ही सस्टेन पूर्ण ठेवलात म्हणजे शिखर आणि सस्टेन एकाच उंचीवर आले. उतरायला जागाच नाही तर डिके काय करणार बिचारा.

करून बघा: अटॅक शून्य, डिके अर्धा सेकंद, सस्टेन शून्य. पट्टी दाबून धरा. धरलेली असूनही आवाज विझेल. ही झाली छेडलेली तार. आता तीच पट्टी पुन्हा पुन्हा दाबत सस्टेन थोडा थोडा वर न्या. तारेचं ऑर्गन होत जाताना स्पष्ट ऐकू येईल.

पियानोवाली

सर्किटकाका, यात पायाखालचा पेडलही घ्या, कारण त्यालाही लोक सस्टेनच म्हणतात आणि मग गोंधळ वाढतो. पेडलचा त्या नॉबशी काही संबंध नाही. पेडल फक्त बोट उचलल्याची बातमी सिंथपासून लपवून ठेवतो. म्हणजे रिलीज पुढे ढकलला जातो, एवढंच. पॅचमध्ये (म्हणजे सिंथवर लावलेल्या आवाजात) सस्टेन शून्य असेल तर पेडल कितीही वेळ दाबून ठेवा, डिके संपला की शांतता.

पियानोचा आवाज बनवायचा तर सस्टेन शून्य आणि डिके भरपूर लांब, हे पहिलं पाऊल. तरी तो पियानो वाटत नाही, कारण खऱ्या पियानोचा सूर दोन वेगांनी विझतो. आधी झपाट्याने पडतो, मग उरलेला बराच वेळ रेंगाळतो. शिवाय खालचे सूर लांब टिकतात, वरच्या टोकाचे क्षणात संपतात. त्यासाठी डिकेला की-फॉलो लावावा लागतो, म्हणजे जितकं वर जाल तितका डिके आखूड. चार नॉबांत हे सगळं मावत नाही.

उगाचच

थोडक्यात रिलीज म्हणजे 'बरंय, निघतो' म्हणून दारात अर्धा तास बोलत उभा राहणारा पाहुणा.

पियानोवाली

@उगाचच, आणि पेडल म्हणजे त्याला निघूच न देणारी मी.

खर्जातला

'टक्'बद्दल. बऱ्याच सिंथमध्ये ऑसिलेटर आतल्या आत सतत चालूच असतात. पट्टी दाबाल त्या क्षणी लाट कुठल्याही उंचीवर असू शकते. अटॅक शून्य असेल तर ती त्या अधल्यामधल्या उंचीवर एकदम उघडी पडते. अशा उभ्या उडीत वरपासून खालपर्यंतच्या सगळ्या फ्रिक्वेन्सी थोड्या थोड्या असतात. तोच तुमचा 'टक्'. २ ते ५ मिलिसेकंद अटॅक द्या. कानाला तरीही ताबडतोब वाटेल आणि उडी गुळगुळीत होईल.

माझं घोडं मात्र खर्जात अडतं. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची, म्हणजे लाटेचं एक आवर्तन २४ मिलिसेकंदांचं. ५ मिलिसेकंदांच्या रिलीजमध्ये त्या लाटेचा पाव भागसुद्धा पुरा होत नाही, ती मध्येच छाटली जाते. बेसला १५-२० मिलिसेकंद तरी द्या. आवाज जितका साइन लाटेसारखा साधा, तितका 'टक्' जास्त उघडा पडतो, कारण त्याला झाकायला वर काहीच नसतं.

विजेचा_धक्का

'टक्' वाईटच असतो असं नाही हो. हॅमंड ऑर्गनच्या पट्ट्यांचे विजेचे संपर्क जुळताना असाच टकटकाट होतो. बनवणाऱ्यांच्या लेखी तो दोष होता. वाजवणाऱ्यांना, विशेषतः जॅझ आणि रॉकवाल्यांना, तोच आवडला. आता त्या ऑर्गनच्या डिजिटल नकलांमध्ये तो टकटकाट कमीजास्त करायला वेगळी सोय देतात.

शून्यडेसिबल

द्रुत लयीचं गणित मांडतो. ६०,००० भागिले टेम्पो म्हणजे एका मात्रेचे मिलिसेकंद. १२० चा टेम्पो असेल तर एक मात्रा ५०० ची. मात्रेत चार सूर घेतलेत तर एका सुराच्या वाट्याला १२५. तुमचा अटॅक ४०० चा. म्हणजे चढ सरळ रेषेत धरला तर सूर शिखराच्या जेमतेम ३१ टक्क्यांपर्यंत पोचतो आणि तुम्ही बोट उचलता. डेसिबलमध्ये शिखरापेक्षा सुमारे १० ने खाली. कुजबुज म्हणालात ते अगदी बरोबर आहे.

म्हणून अटॅक हा आवाजाचा गुण मानूच नका, तो लयीचा हिशोब आहे. ज्या सगळ्यात जलद जागी हा आवाज वाजवणार, तिथल्या एका सुराचा वेळ काढा आणि अटॅक त्याच्या निम्म्याच्या आत ठेवा. सिंथमध्ये व्हेलॉसिटीने (पट्टी दाबायच्या जोराने) अटॅकचा वेळ बदलायची सोय असेल तर सोन्याहून पिवळं: हळू दाबलं की लांब चढ, जोरात दाबलं की आखूड. द्रुत तान घेताना बोटं आपोआपच जोरात पडतात.

काळी_चार

सर्किटराव, डिकेचं कोडं सुटलं. करून पाहिलं, अगदी तुम्ही म्हणता तसंच.

शून्यडेसिबल, अटॅक ६० वर आणला. द्रुत जागा आता स्वच्छ ऐकू येतात. पण संथ भागातला तो हळूहळू उमलणारा सूर गेला ना! दोन्हीकडे तोच पॅच हवाय. आणि व्हेलॉसिटीची सोय आहे, पण माझ्या संथ भागातही काही सूर जोरकस आहेत, ते एकदम फुटल्यासारखे बाहेर येतात.

बटणबहाद्दर

खरं सांगू का? वाजवणाऱ्याने वाजवावं. चार मिलिसेकंद इकडे की तिकडे हे ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही. लोक संध्याकाळभर नॉब फिरवत बसतात आणि हातात एक धड गत नसते. प्रीसेट बनवणारे या कामातले तज्ज्ञ असतात, त्यांच्या हाताला यश आहे.

शून्यडेसिबल

तज्ज्ञ असतात, मान्य. पण प्रीसेट बनवताना त्यांच्यासमोर तुमची चाल नसते. दुकानात एक पट्टी दाबून धरली की समोरच्याने 'वा' म्हणावं, यासाठी बरेच प्रीसेट बेतलेले असतात. लांब अटॅक, लांब रिलीज, वर रिव्हर्बचा (कृत्रिम घुमाऱ्याचा) मुलामा. एकेकटे भव्य वाटतात, गाण्यात बाकीच्या वाद्यांवर चिखल होतो. निदान रिलीज तरी आपल्या चालीप्रमाणे लावायला शिका.

बटणबहाद्दर

चिखल रिव्हर्बचा असतो, रिलीजच्या माथी कशाला मारता?

शून्यडेसिबल

दोन्हींचा असतो. रिव्हर्ब बंद करा, एक कॉर्ड वाजवून सोडा. जे शिल्लक ऐकू येतं ते रिलीजचं. ते आधी आटोपशीर करा, मग रिव्हर्ब चालू करा. उलट क्रमाने केलं की कोण किती घाण करतंय ते कधीच कळत नाही.

मंद्र_सप्तक

काळी_चार, तुमचं उमलणं व्हॉल्यूमच्या एन्व्हलपमध्ये ठेवूच नका. ते फिल्टरच्या एन्व्हलपकडे द्या.

व्हॉल्यूमचा अटॅक २५-३० मिलिसेकंद. सूर दाबल्या दाबल्या ऐकू येईल, पण टोचणार नाही. आता फिल्टरचा कटऑफ (जिच्या वरचं सगळं गाळलं जातं ती सीमा) बराच खाली आणा, इतका की आवाज बंद खोलीतून आल्यासारखा दबका लागेल. मग फिल्टरच्या एन्व्हलपला ५०० मिलिसेकंद अटॅक द्या आणि एन्व्हलप अमाउंट (एन्व्हलप कटऑफला किती वर उचलतो ते) वाढवत न्या. सूर सुरुवातीपासून हजर असतो, त्याची झळाळी मात्र नंतर चढते. संथ भागात तो उमलताना दिसेल. द्रुत भागात सगळे सूर दबक्या, मखमली आवाजात पण पूर्ण ताकदीने येतील. एकच पॅच, काही बदलायला नको.

फक्त एक सांभाळा: कटऑफ फार खाली असेल तर वरच्या सप्तकातल्या सुरांचा मूळ स्वरच फिल्टरखाली दबतो आणि पुन्हा सूर गायब. म्हणून फिल्टरचा की-फॉलो चालू ठेवा, म्हणजे वर जाल तसा कटऑफही वर सरकेल.

सर्किटराव

याला म्हणतात उत्तर. फिल्टरला वेगळा एन्व्हलप असलेल्या सिंथवर हे जमतं. रोलंड ज्युनो-१०६ (१९८४) सारख्या मशीनवर एन्व्हलप एकच. पण तिथेही पळवाट आहे: व्हॉल्यूमचा स्विच 'गेट'वर टाकायचा, म्हणजे आवाज पट्टीबरोबर थेट चालू-बंद होतो आणि एकुलता एक एन्व्हलप फिल्टरसाठी मोकळा राहतो. अर्थात मग रिलीजची शेपटी मिळत नाही.

वाचनमात्र_नाही

मंद्र_सप्तक यांच्या प्रतिसादाला वाचनखूण. इतके दिवस फिल्टरचा एन्व्हलप फक्त 'वॉव' असा आवाज काढायला वापरत होते.

विजेचा_धक्का

थोडं अवांतर, पण या चार नॉबांचा इतिहास मजेदार आहे म्हणून लिहितो.

१९६४ मध्ये रॉबर्ट मूग आणि संगीतकार हर्बर्ट डॉइच मिळून व्होल्टेजवर चालणारा सिंथ जुळवत होते. सूर सुरू कधी होणार आणि संपणार कसा, हा प्रश्न आला. डॉइचनी चक्क दारावरच्या घंटीचं बटण आणलं आणि ते दाबून एन्व्हलप सुरू करायचे. पुढच्या वर्षी कोलंबिया-प्रिन्स्टनच्या इलेक्ट्रॉनिक संगीत केंद्रातल्या व्लादिमिर उसाचेव्स्की यांनी मूगना हवा तसा एन्व्हलप नेमका सांगितला: पहिला वेळ, दुसरा वेळ, टिकायची पातळी, शेवटचा वेळ. आजही आपण तेच वापरतो. आज रुळलेली सुटसुटीत नावं सिंथ बनवणाऱ्या एआरपी कंपनीने दिली.

मिनीमूग (१९७०) वर तर रिलीजचा नॉबच नाही. अटॅक, डिके, सस्टेन असे तीन, आणि एक स्विच. स्विच चालू केला की डिकेचाच वेळ रिलीजला लागू होतो, बंद केला की बोट उचलताच सूर तुटतो. एवढ्यावर लोकांनी काय काय वाजवलं!

उगाचच

म्हणजे या सगळ्या शास्त्राची सुरुवात 'कोण आहे?' या प्रश्नाने झाली तर.

फुंकर

मला एक गोष्ट कायम छळते. बासरीचा पॅच बनवला, ऑसिलेटर अगदी साधा, एन्व्हलपही बरा. तरी कुणी बासरी म्हणत नाही, 'सिंथची शिट्टी' म्हणतात.

विजेचा_धक्का

कारण कान वाद्य ओळखतो ते सुराच्या सुरुवातीवरून. फ्रेंच संगीतकार पिएर शेफरने १९४८ मध्ये घंटेच्या रेकॉर्डिंगमधला सुरुवातीचा ठोका कापून फक्त मागचा नाद ऐकला, तर घंटा ओळखू येईना. ओबोसारखं एखादं फुंकून वाजवायचं वाद्य वाटायला लागलं. तुम्हीही करून पाहा, कुठल्याही ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. पियानोच्या सुराचा सुरुवातीचा भाग कापा आणि एखाद्याला ऐकवून विचारा हे काय आहे.

रोलंडने १९८७ च्या डी-५० मध्ये याचाच फायदा घेतला. त्या काळी मेमरी महाग, अख्ख्या वाद्याचं रेकॉर्डिंग ठेवणं परवडायचं नाही. म्हणून फक्त सुरुवातीचे छोटे तुकडे खरे रेकॉर्ड केलेले, आणि पुढचा टिकणारा भाग सिंथने बनवलेला. कान पहिल्या तुकड्यावर विश्वास ठेवतो आणि पुढचं चालवून घेतो.

तेव्हा फुंकरभाऊ, बासरीला फुंकरच द्या. दुसरा ऑसिलेटर नॉइजवर (नुसत्या सुसाट्यावर) ठेवा, त्याला वेगळा एन्व्हलप: अटॅक १०, डिके ८०, सस्टेन जवळजवळ शून्य. मुख्य सुराचा अटॅक ५०-६०. आधी 'फ्' येईल, मग सूर.

फुंकर

आलं! नॉइज थोडा फिल्टर करावा लागला, नाहीतर कुकरची शिट्टी. पण आलं.

पेटीमास्तर

पेटीचा आवाज बनवणाऱ्यांसाठी. सस्टेन पूर्ण, रिलीज जवळजवळ शून्य, कारण पट्टी सोडली की सूर तिथल्या तिथे थांबतो. अटॅक खर्जात थोडा जास्त ठेवा. जाड पत्ती बोलायला वेळ घेते, टीपेची पत्ती लगेच बोलते.

इथवर सगळे करतात. पुढे माशी शिंकते. भात्याचा दम यावा म्हणून लोक प्रत्येक सुराला फुगणारा एन्व्हलप लावतात, आणि ते धादांत खोटं वाटतं. भाता सगळ्या सुरांचा एकच असतो! तुम्ही सा धरून ठेवलाय आणि वर ग लावलात, तर भात्याचा जोर दोघांवर एकदमच वाढतो. एन्व्हलप मात्र प्रत्येक पट्टीबरोबर नव्याने पहिल्यापासून सुरू होतो. त्यामुळे सा आधीच फुगून बसलेला आणि ग आता कुठे फुगतोय. असलं काही पेटीत घडत नाही. दम हा एन्व्हलपचा विषयच नाही. तो एक्स्प्रेशन पेडलवर द्या, मिडीच्या, म्हणजे वाद्यांना सूचना पाठवायच्या डिजिटल भाषेत, सीसी (कंट्रोल क्रमांक) ११, आणि पायाने भाता मारा.

व्हायोलिनच्या गजाला आणि बासरीच्या श्वासालाही हेच लागू.

मंद्र_सप्तक

मास्तर, हे फार मोलाचं लिहिलंत. माझ्या आधीच्या सल्ल्यालाही हे लागू आहे. काळी_चार, सूर बराच वेळ धरून ठेवायचा असेल तर उमलणं एन्व्हलपकडून, पण उमलल्यानंतरचं कमीजास्त पेडलनेच.

बटणबहाद्दर

ठीक आहे, हे मात्र प्रीसेटमध्ये मिळत नाही. कबूल.

उगाचच

भांडण मिटवू नका हो, मी रुमाल टाकलाय.

तिसरी_पट्टी

माझा कीबोर्ड साधा, तालाच्या स्टाइल असलेला. वर एन्व्हलपचे नॉबच नाहीत. आम्ही काय करायचं?

सर्किटराव

मेनूत व्हॉइस एडिट किंवा तत्सम पान शोधा, अटॅक-रिलीज बहुधा तिथे लपलेले असतात. नसतील तर मिडीवरून पाठवून पाहा. सीसी ७३ अटॅक, ७२ रिलीज, ७५ डिके, ७४ कटऑफ. अशा कीबोर्डवर हे आकडे सहसा मूळ आवाजाच्या मानाने कमीजास्त करतात: ६४ म्हणजे जैसे थे, त्याखाली आखूड, त्यावर लांब. सस्टेनच्या पातळीला या यादीत जागा नाही. सीसी ६४ म्हणजे पेडल; त्यात आणि इथल्या ६४ मध्ये घोळ घालू नका.

तिसरी_पट्टी

७२ आणि ७३ चालले! ७५ ला मात्र कीबोर्ड दाद देत नाही. असो, रिलीज कमी करता आला हेच खूप.

काळी_चार

मंद्र_सप्तक, काय सांगू! आवाज असा उमलतोय की पट्टी सोडवत नाही. फिल्टरचा अटॅक ६००, व्हॉल्यूमचा ३०, की-फॉलो निम्म्यावर. द्रुत जागाही ऐकू येतात.

आता नवीन त्रास. एकच सूर भराभर पुन्हा पुन्हा वाजवला की तो 'टक्' परत येतो. अटॅक ३० चा असून! वेगवेगळे सूर घेतले तर येत नाही.

खर्जातला

रिलीज किती आहे? आणि सिंथमध्ये 'रीसेट' किंवा 'एन्व्हलप रीट्रिगर' असं काही दिसतंय का?

काळी_चार

रिलीज ७००. हो, एन्व्हलपच्या पानावर रीसेट आहे, चालू आहे.

खर्जातला

मग तोच चोर. पहिल्या सुराची शेपटी ७०० मिलिसेकंद वाजत राहते. तुम्ही तीच पट्टी पुन्हा दाबता तेव्हा सिंथ त्याच व्हॉइसला (एक सूर वाजवणाऱ्या आतल्या भागाला) पुन्हा कामाला लावतो. रीसेट चालू असेल तर एन्व्हलप आधी धाडकन शून्यावर येतो आणि तिथून नवा चढ सुरू करतो. चढ ३० चा गुळगुळीत आहे हो, पण त्याआधीची पडझड उभी आहे. 'टक्' पडण्याचा आहे, चढण्याचा नाही. रीसेट बंद करा. मग एन्व्हलप जिथे असेल त्याच उंचीवरून वर चढेल. जुन्या अ‍ॅनालॉग सिंथमध्ये साधारण असंच होतं, कारण कपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज कुठे पळून जात नाही.

लांब रिलीजचा आणखी एक छुपा खर्च: पॉलिफनी, म्हणजे एका वेळी किती सूर वाजू शकतात ते. सहा व्हॉइसच्या सिंथवर तीन सुरांची कॉर्ड, लगेच दुसरी, लगेच तिसरी. पहिलीच्या शेपट्या अजून वाजत असतात, तिसरीला व्हॉइस उरत नाहीत, मग सिंथ कुणाचीतरी शेपटी मध्येच कापतो. लोकांना वाटतं सिंथ बिघडला.

काळी_चार

रीसेट बंद. 'टक्' गेला. खर्जातला, तुमच्या कानाला नमस्कार.

तारेवरची

माझा प्रश्न सुटतोय का बघा. दोन सिंथवर डिके ५०० मिलिसेकंदच ठेवला, तरी एक सतारीसारखा झणकन पडतो आणि दुसरा आधी ताठ उभा राहून मग अचानक बसतो. आकडा एकच, वागणं वेगळं. दुसऱ्याचं मॅन्युअल उघडलं तर एन्व्हलपवर अर्धं पान आणि त्यात एक त्रिकोणी चित्र. धन्य.

सर्किटराव

त्या त्रिकोणी चित्रानेच घात केलाय. दुसऱ्या सिंथचा डिके सरळ रेषेत उतरत असणार. कान आवाज प्रमाणात ऐकतो, वजाबाकीत नाही. पूर्णावरून निम्म्यावर आला की ६ डेसिबलची घट, निम्म्यावरून पावावर आला की पुन्हा ६. सरळ रेषेत निम्म्यापर्यंत यायला अर्धा वेळ जातो, म्हणजे अर्ध्या वेळात फक्त ६ डेसिबल, आणि उरलेल्या अर्ध्यात सगळी दरी. म्हणून आधी ताठ उभा, मग अचानक बसलेला.

पहिला सिंथ वक्ररेषेत उतरतो. कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा होताना तसंच होतं: सुरुवातीला झपाट्याने, मग सावकाश. एका टाइम कॉन्स्टंटमध्ये (त्या सर्किटच्या ठरलेल्या वेळात) ६३ टक्के रिकामा, पाचांमध्ये ९९ टक्क्यांवर. छेडलेली तारही ढोबळमानाने अशीच विझते, म्हणून कानाला खरी वाटते. आणि ५०० चा आकडा कुठपर्यंतचा धरायचा हे प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवते, त्यामुळे दोन सिंथचे आकडे जुळवायच्या फंदात पडू नका. दुसऱ्यावर 'कर्व्ह' अशी सोय असेल तर एक्स्पोनेन्शियल निवडा.

तारेवरची

कर्व्ह मिळाला, मेनूच्या सातव्या पाताळात. सतार झाली नाही, पण निदान तार झाली.

सहा_ऑपरेटर

आकडे जुळत नाहीत यावर कडी: यामाहा डीएक्स७ (१९८३). तिथे वेळ नाहीच, वेग आहे. चार वेग आणि चार पातळ्या, ० ते ९९, आणि ९९ म्हणजे सगळ्यात जलद. लांब रिलीज हवा म्हणून आकडा वाढवाल तर सूर आखूड होतो. आणि असा एन्व्हलप सहाही ऑपरेटरना (लाट काढणाऱ्या भागांना) वेगवेगळा.

पण एकदा कळलं की तिथेच खरी गंमत. एका ऑपरेटरने दुसऱ्याला मॉड्युलेट करायचं (त्याची लाट हलवत ठेवायची), आणि मॉड्युलेट करणाऱ्याचा एन्व्हलप लवकर विझवायचा. त्या मशीनच्या प्रसिद्ध इलेक्ट्रिक पियानोतली सुरुवातीची 'टिण्' अशीच येते: मूळ सुराच्या १४ पट फ्रिक्वेन्सीचा मॉड्युलेटर ताडकन येतो आणि विझतो, मागे गोल सूर उरतो. तिथे एन्व्हलप लावला की आवाजाचा जोर बदलत नाही, जातच बदलते.

डग्ग्यावर_थाप

पिचलाही (सुराच्या उंचीलाही) एन्व्हलप लावता येतो हे कुणी बोललंच नाही. डग्ग्याचा 'घे' बनवायचा असेल तर साइन लाट, व्हॉल्यूमला अटॅक २, डिके ६००-७००, सस्टेन शून्य. हा नुसता 'घुम्'. आता पिचच्या एन्व्हलपला साधारण १५० मिलिसेकंद अटॅक आणि चार-पाच सेमीटोन अमाउंट. मनगटाने पुडी दाबल्यावर सूर वर चढतो ना, तो चढ मिळतो. वेस्टर्न किक ड्रमला उलट: पिच वरून सुरू करून काही मिलिसेकंदांत खाली पाडायचा, म्हणजे ठोका बसतो.

चढ व्हेलॉसिटीवर सोडा, नाहीतर प्रत्येक 'घे' एकाच साच्यातला येतो आणि ऐकणारा कंटाळतो.

पेटीमास्तर

व्हेलॉसिटीपेक्षा मॉड्युलेशन व्हीलवर (कीबोर्डच्या डाव्या बाजूच्या चाकावर) द्या. जोरात थाप म्हणजे जास्त मींड असं डग्ग्यावर नसतं, दाब आणि थाप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डग्ग्यावर_थाप

खरंय. पण मग डावा हात अडकतो आणि तबला कोण वाजवणार?

पेटीमास्तर

आफ्टरटच असेल तर तो. थाप मारल्यावर पट्टी आणखी दाबायची.

डग्ग्यावर_थाप

आफ्टरटच आहे. आज रात्री बसतो.

काळी_चार

मींडेवरून आठवलं. हाच स्ट्रिंग्जचा आवाज मोनोवर (एका वेळी एकच सूर) टाकून एकसुरी चाल वाजवली तर प्रत्येक सुराला फिल्टर पुन्हा पहिल्यापासून उमलतो. मला एका गजात दोन-तीन सूर हवेत.

सर्किटराव

मोनोमध्ये लेगाटो चालू करा. मग पहिली पट्टी न सोडता दुसरी दाबलीत की एन्व्हलप पुन्हा सुरू होत नाही, फक्त सूर बदलतो. मध्ये बोट पूर्ण उचललंत तरच नवा गज. मिनीमूगवर मुळात असंच होतं, त्यामुळे ते वाजवणाऱ्यांच्या बोटांना कुठे चिकटायचं आणि कुठे सुटायचं याची सवय लागायची. सोबत ग्लाइड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) ६०-८० मिलिसेकंद. ग्लाइडलाही 'फक्त लेगाटो'चा पर्याय असतो, तो घ्या, म्हणजे सुट्या सुरांवर घसरगुंडी होणार नाही.

काळी_चार

जमलं. सध्याचा पॅच असा: व्हॉल्यूम अटॅक ३०, डिके ३००, सस्टेन ८० टक्के, रिलीज २५०. फिल्टर अटॅक ६००, डिके लांब, सस्टेन निम्म्याच्या थोडा वर, रिलीज ४००. रीसेट बंद, की-फॉलो निम्मा. रिलीज ७०० वरून २५० वर आणल्यावर कॉर्ड एकमेकांत मिसळायच्या थांबल्या, आणि रिव्हर्बही कमी पुरतो.

मंद्र_सप्तक

फिल्टरचा रिलीज व्हॉल्यूमच्या रिलीजपेक्षा लांब ठेवलात ते बरं केलंत. उलट असेल तर शेपटी विझायच्या आधीच दबकी होते. तेही कधीकधी छान लागतं, व्हॉल्यूम ४०० आणि फिल्टर १५० करून ऐका.

बटणबहाद्दर

पॅचची फाइल टाकता का इथे?

शून्यडेसिबल

तुमचा सिंथ वेगळा असेल तर फाइल चालायची नाही. आकडे वर आहेत, त्यावरून लावा आणि मग कानाने सरकवा.

बटणबहाद्दर

लावले. माझ्याकडे ३० ला अजून थोडा टोचतो, ४५ वर ठेवलाय. आणि फिल्टरचा अटॅक ६०० जरा जास्त होतो माझ्या चालीला. टेम्पो ९६ आहे, किती ठेवू?

शून्यडेसिबल

९६ म्हणजे मात्रा ६२५ ची. अर्ध्या मात्रेत उमलायला हवा असेल तर ३१० च्या आसपास सुरू करा.